चोवीस तासांतला पोळपाट

निवृत्तीनंतर आबांच्या हातात कुणी सन्मानचिन्ह दिलं की ते आधी उलटं करून बघायचे. समोर फोटोग्राफर एका गुडघ्यावर बसलेला, अध्यक्ष हसू ताणून उभे, खांद्यावरची शाल घसरतेय, आणि सत्कारमूर्ती त्या चिन्हाचा तळ निरखतायत. मग बोटाच्या पेरानं टकटक करायचे, माझ्याकडं बघायचे आणि माईकला ऐकू जाणार नाही अशा बेतानं एकच शब्द म्हणायचे, "भुसा."

मी निवेदक. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ज्याचा सत्कार व्हायचा राहिलाय असा माणूस आता शोधावा लागतो, आणि ही परिस्थिती आणण्यात माझा मोठा वाटा आहे. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या मंगल कार्यालयात तिसऱ्या रांगेत बसून, चहाच्या ट्रेवर नजर ठेवून, मला ऐकलेलं असणार. 'कर्तव्यदक्ष', 'अजातशत्रू', 'दीपस्तंभ' ही माझी नेहमीची विशेषणं. ती मी कुणालाही घालतो. फेट्यासारखी ती सगळ्यांच्या डोक्यावर बसतात.

आबांना मी निदान सात वेळा 'कर्तव्यदक्ष' म्हटलं असेल. त्याला कारण होतं. आबा आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात शेतकी अधिकारी होते. कुणाच्या रानात ऊसतोडीची टोळी कधी जायची हे त्यांच्या सहीनं ठरायचं. ज्याचा ऊस वेळेत तुटला तो हसायचा, ज्याचा राहिला त्याचा ऊस रानातच तुरे काढून वाळायचा. त्यामुळं तोडीच्या चिठ्ठीवर सही करणारा माणूस आमच्याकडं दिसायलासुद्धा देखणा वाटतो. आबा रस्त्यानं जाताना शिंकले तरी लोक "वा साहेब" म्हणायचे.

आबांचं एक पालुपद होतं, "शेंडा नको, बुडखा दाखवा." उसात साखर बुडख्याकडं असते, शेंड्याला नुसतं पाणी. शेतकरी कौतुकानं उंच उसाचे शेंडे दाखवायला लागला की आबा हे वाक्य टाकून खाली बसायचे आणि बुडखा चाखायचे. पुढं ते सगळीकडंच असं बोलायला लागले. पुतणीला स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ मुलाचा पुण्यातला पगार सांगत होता. आबा म्हणाले, "हा शेंडा झाला. बुडखा दाखवा. पोरगा जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतो का?" मध्यस्थाला ते माहीत नव्हतं. स्थळ मोडलं.

मग आबा निवृत्त झाले. निरोपसमारंभाला मी 'एका पर्वाचा अस्त' म्हणालो आणि दुसऱ्या दिवसापासून तो खरोखरच झाला. पहाटे पाचला वाजायला लागणारा त्यांचा फोन एकदम गप्प झाला. पिंपळीच्या घरी ते ओट्यावर फोन समोर ठेवून बसायचे. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "माईकवाले, जरा मला फोन लाव बरं. रेंज हाय का बघू." मी लावला. वाजला. आबांनी तो उचलला, समोर मी बसलेलो असताना "हॅलो" म्हणाले, आणि ठेवला.

पहिली दिवाळी आली तेव्हा वहिनींनी दिवाणखान्यातलं कपाट साफ करायला काढलं. त्यात तीस वर्षांचे सत्कार खचाखच भरले होते. ढाली, मशाली, नांगरधारी शेतकरी, जोडलेले हात. एक मोठी ढाल वहिनींच्या हातून निसटली आणि फरशीवर तिचे दोन तुकडे झाले. वर सागवानी छापाचा चकचकीत कागद आणि आत दाबून बसवलेला भुसा. आबा तिथं खाली बसले. दुसरी ढाल घेतली, गुडघ्यावर मोडली. भुसा. तिसरी. भुसा. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळं कपाट मोडून बघितलं. वहिनी मला नंतर सांगत होत्या, "भावजी, म्या म्हनलं असू द्या, भुसा तर भुसा. तर म्हनले, तीस वर्षं लोक मला काय देत हुते ते आज कळलं."

सगळ्या ढिगात एकच वस्तू मोडली नाही. वीतभर लांबीची लाकडी होडी. रंग नाही, पितळी पट्टी नाही, नाव नाही. पण हातात धरली की अंगठा आपोआप तिच्या कडेवरून फिरायला लागायचा. आबांनी ती मला दाखवली. मला आठवलं, पळसदेवकडच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मीच ती त्यांच्या हातात दिली होती, 'जलाशयाच्या काठची ही कल्पक भेट' असं काहीसं म्हणून. होडी केली होती तिथल्याच एका मिस्त्रीनं. उजनी धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्यांच्या होड्या बांधायचा आणि दुरुस्त करायचा तो.

"चल," आबा म्हणाले.

आम्ही भिगवणवरून पळसदेवला गेलो. त्या वर्षी पाऊस कमी झाल्यानं दिवाळीतच पाणी उतरलेलं होतं, एरवी धरणात बुडालेल्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं आणि काठावरच्या बाभळीखाली एक होडी पालथी घातलेली होती. तिच्या पाठीवर बसून सत्तरीकडं झुकलेला एक वाळका माणूस पाणी शिरू नये म्हणून फटींत कापूस ठोकत होता. कानावर पेन्सिल, डोक्यावर विणलेली गोल टोपी. शेजारी तीन दगडांच्या चुलीवर चहाचं पातेलं.

"ही तुम्ही केलेली का?" आबांनी होडी पुढं केली.

"व्हय. शाळंनं मागितली, दिली करून."

"लाकूड कसलं?"

"उरल्यालं."

आबांना हे उत्तर फार आवडलं. ते म्हणाले, "मला शिकायचंय."

मिस्त्रीनं त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाकडं आणि हातातल्या दोन अंगठ्यांकडं बघितलं. "काय करायचंय सायेब?"

"काहीतरी करायचंय. हातानं."

"काहीतरी करता येत न्हाय. येक वस्तू सांगा."

आबा विचारात पडले. दोन वर्षांपासून वहिनी म्हणत होत्या की पोळपाटाचा एक पाय तुटलाय, पोळी लाटताना डुगडुगतोय. "पोळपाट," आबा म्हणाले.

"करा. आना. बघू," मिस्त्री म्हणाला आणि परत कापूस ठोकायला लागला. शिकवणी संपली.

आता आबा म्हणजे अधिकारी माणूस. त्यांनी बारामतीतून अवजारं आणली. रंधे तीन आकारांचे, करवती चार, पटाश्यांचा संच, लाकूड आवळून धरायचे शिकंजे. गोठ्यातली म्हैस एका बाजूला सरकवून तिथं टेबल मांडलं. वही उघडली आणि पहिल्या पानावर लाल शाईनं नियम लिहिला. तो नियम मी वाचलाय, म्हणून सांगतो : 'तोडीनंतर चोवीस तासांच्या आत काम पूर्ण.'

तुम्ही ऊसवाले असाल तर तुम्हाला यात काही चुकीचं दिसणार नाही. मलाही दिसलं नाही. तुटलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटतं, साखर उतरते. म्हणून तो तातडीनं गाळायचा. आबांनी तीस वर्षं हेच लोकांना ओरडून सांगितलं होतं. कॅनॉलच्या रस्त्याला आडवा येणारा एक कडुनिंब तोडायचा होता, तो त्यांनी सकाळी सातला तोडवला, दुपारी लाकूड कापायच्या मिलमधून फळ्या काढल्या आणि सूर्य मावळायच्या आत पोळपाट तयार केला. लाकडातून हाताला पाणी लागत होतं. आबा म्हणाले, "ताजा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघणारे जमले. कारखान्यातले जुने सहकारी, भावकीतले चार लोक आणि मी. पोळपाट गोल होता असं म्हणता येईल, म्हणजे सुरुवात केली होती तिथंच येऊन कड संपत होती. "काय सफाई आहे," एकानं सुरुवात केली. "साहेबांच्या हातात पहिल्यापासून कला होती, नोकरीत दिसली नाही," दुसरा म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "परंपरेला दिलेला आधुनिक आकार."

आठवड्यात तो पोळपाट वरवर वाळला आणि वाकला. कडा वर आल्या, मध्ये खळगा पडला. तरी सहकारी पुन्हा आले तेव्हा म्हणाले, हे बरंय, पीठ खाली सांडत नाही. वहिनींनी त्यात पोळी लाटून बघितली, ती मध्ये जाड आणि कडेला फाटकी झाली. "ह्यो पोळपाट न्हाय," त्या म्हणाल्या, "परात हाय. कणीक मळायला चांगली."

शनिवारी आबा तो घेऊन मिस्त्रीकडं गेले. गाडी मी चालवत होतो. मिस्त्रीनं पोळपाट हातात घेतला, दोनदा फिरवला आणि चुलीत सारला. फुकणीनं फुंकलं. पोळपाटातून पिवळा दाट धूर निघाला, आम्ही तिघंही खोकायला लागलो, आणि चहा काही उकळेना.

"जळण बी न्हाय ह्ये," मिस्त्री डोळे पुसत म्हणाला. "वलं हाय."

मी आबांकडं बघितलं नाही. मला वाटलं, तीस वर्षं दोन तालुक्यांनी ज्याला वारा घातला त्या माणसाला या वाळक्या म्हाताऱ्यानं धूर घातला, आता काय होतंय. भिगवणला आबांनी गाडी थांबवायला सांगितली. हायवेवरच्या एका हॉटेलात आम्ही मासे खायला बसलो. तळलेल्या माशाचा काटा काढता काढता ते म्हणाले, "माईकवाले, हा माणूस खोटं बोलत नाय."

"राहू द्या हो आबा. त्याला काय कळतंय कलेतलं."

"ऐक तर. तीस वर्षांत मला तोंडावर कुणी वाईट म्हणलं नाय. आता मला सांग, मी चांगला होतो का लोकांचा ऊस उभा होता? मला कसं कळावं?" काटा ताटलीच्या कडेला ठेवून ते माझ्याकडं बघत राहिले. "तू सांग. मी कसा अधिकारी होतो? खरं सांग."

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून काय आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. निम्मा शब्द बाहेर पडल्यावर मी थांबलो, पण 'कर्तव्य' तर पडलंच होतं. आबा हसले नाहीत. मला म्हणाले, "मासा खा."

त्यानंतर शनिवार ठरून गेला. आबा सकाळी झाड गाठायचे, संध्याकाळी पोळपाट करायचे, शनिवारी तो मिस्त्रीच्या चुलीत जायचा. आंब्याचा धूर, जांभळाचा धूर, बाभळीचा धूर. मिस्त्रीच्या कोंबड्या आमची गाडी दिसली की लांब जायला लागल्या. घरी सहकाऱ्यांचं कौतुक चालूच होतं. प्रत्येक पोळपाट आधीच्यापेक्षा 'उजवा' होता. आबा कौतुक ऐकून घ्यायचे, चहा द्यायचे, आणि ते गेले की मला म्हणायचे, "ह्यांच्या बोलण्यात अजून ऊस आहे बघ. सवय गेली नाय."

सहाव्या की सातव्या पोळपाटाला मिस्त्री खोकून खोकून हैराण झाला. त्यानं पहिल्यांदाच प्रश्न विचारला. "झाड कवा तोडलंय?"

"काल सकाळी," आबा अभिमानानं म्हणाले.

"मंग येवढी घाई कसली?"

"वजन घटतं ना. तोडीनंतर चोवीस तासांत..." आबा म्हणाले आणि वाक्याच्या मधेच थांबले. मिस्त्रीनं फुकणी खाली ठेवली. माझ्यासमोर तीस वर्षं अधिकारी राहिलेला माणूस जो लाल झाला तो मी कुठल्याही व्यासपीठावर पाहिलेला नाही.

"ऊस न्हाय ह्यो, सायेब," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "ह्याची काय साखर उतरत न्हाय. सावलीत ठिवा. वाळू द्या."

"किती दिवस?"

"वाळंस्तवर."

"तरी. तारीख?"

"त्येला इचारा," मिस्त्री म्हणाला आणि चुलीतल्या पोळपाटाकडं बोट केलं.

घरी येऊन आबांनी वहीतलं पहिलं पान फाडलं. कडुनिंबाच्या आणि आंब्याच्या फळ्या गोठ्याच्या सावलीच्या बाजूला रचल्या, मधे काड्या घातल्या, वारा खेळू दिला. आणि वाट बघायला लागले. तुम्हाला वाटेल निवृत्त माणसाला वाट बघायला काय लागतं. पण आबांच्या आयुष्यात वाट नेहमी दुसऱ्यांनी बघितली होती. लोक त्यांच्या दारात चिठ्ठीसाठी बसायचे. आता ते फळ्यांच्या दारात बसले.

अर्थात बसतील कसले. त्यांनी वहिनींचा भाजीचा काटा गोठ्यात नेला आणि दर सोमवारी एकेक फळी जोखायला लागले. भिंतीवर खडूनं वजनं लिहायची. वजन घटतच होतं. ज्या घटीला ते आयुष्यभर घाबरले ती आता ते आनंदानं लिहीत होते. वहिनी भाजीसाठी काटा शोधत यायच्या. "आवो, वांगी जोखायचीत," म्हणायच्या. "फळी उतरू दे," आबा सांगायचे. हे जवळजवळ वर्ष चाललं. मग एका सोमवारी एका फळीचं वजन मागच्या सोमवारएवढंच भरलं. पुढच्याही. आबांनी ती फळी मिस्त्रीकडं नेली, वजनाबद्दल काही सांगितलं नाही. मिस्त्रीनं तिच्यावर बोटानं टकटक केलं, कान लावला. "झाली," म्हणाला. आबा मला कोपरानं ढोसत होते.

त्या वर्षात आणखी काहीतरी झालं. नक्की कधी ते मला सांगता येणार नाही. एकदा गेलो तर आबा रंधा मारलेली फळी खिडकीजवळ धरून बघत होते. मला म्हणाले, "हे बघ. ह्या रेषा लांब लांब आहेत ना, तेव्हा पाऊस झालेला. इथं बघ, दाटल्यात. ही ओळीनं दोन वर्षं टँकर होते." मी बघितलं. मला लाकूड दिसलं. ते बोट फिरवत राहिले, म्हणाले, "टँकरची वर्षं कडेला न्यावीत का मधी ठेवावीत? मधी बरी दिसतील." पोळपाट लाटायला असतो, त्यावर पीठ पडतं, ती वर्षं कोण बघणार, असं मी विचारलं. "नको बघू दे," आबा म्हणाले.

वाळलेल्या लाकडाचा पहिला पोळपाट मिस्त्रीनं उलटा केला, पाय दाबले, डुगडुगवला, आणि चुलीत घातला. पण या वेळी धूर झाला नाही. स्वच्छ पिवळी ज्योत वर आली, चहा दोन मिनिटांत उकळला. "जळण हाय," मिस्त्री म्हणाला. येताना आबा गाडीत गुणगुणत होते. घरी पोचल्यावर पायरीवरूनच वहिनींना हाक मारून म्हणाले, "अगं, जळण म्हणाला."

"मंग?" वहिनी म्हणाल्या. "पेढे वाटू?"

असे आणखी चार चांगल्यापैकी पेटले. पाचवा पेटला नाही.

त्या शनिवारी मिस्त्रीनं तो हातात घेतला, नेहमीसारखा उलटा केला, पाय दाबले. सपाट दगडावर ठेवला. हलला नाही. मग त्यानं कडेवरून अंगठा फिरवला आणि एके ठिकाणी थांबला. आबांनी पूर्ण कड बारीक गोलसर केली होती. लाटणारीचा हात पोळपाट फिरवताना जिथं लागतो तिथं ती जरा जास्त उतरती होती. हे कुणी सांगितलं नव्हतं. मिस्त्रीचा अंगठा तिथं दोनदा जाऊन आला. माझी नजर चुलीवर होती. आबांची कुठं होती ते मला माहीत नाही, कारण मला त्यांच्याकडं बघवेना.

मिस्त्रीनं घराकडं तोंड करून हाक मारली. त्याची बायको ओढणीला हात पुसत बाहेर आली. त्यानं पोळपाट तिच्या हातात दिला. तिनं तो कमरेला टेकवून आत नेला. बस. मिस्त्री परत कामाला लागला. कौतुकाचा एक शब्द नाही. थोड्या वेळानं आतून लाटण्याचा आवाज यायला लागला आणि आबा पालथ्या होडीला पाठ टेकून तो ऐकत बसले.

घरी वहिनींनी विचारलं, "आज काय म्हनला?"

"पास झाला."

"मंग कुठाय?"

"त्यांनी ठेवून घेतला."

वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हंजी नापास झाल्यालं जाळायचं आन पास झाल्यालं लोकाला द्यायचं. माझा डुगडुगतोयच की." मला त्या म्हणाल्या, "भावजी, तुमी तरी सांगा ह्यांना." वहिनींना त्यांचा पोळपाट महिन्यानं मिळाला. त्यावर टँकरची वर्षं बरोबर मध्ये आहेत. वहिनी त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत, पण पाहुण्यांना तो लाटायला देत नाहीत.

त्यानंतर आबा शनिवारची वाट बघेनासे झाले. आठवड्यातून चार चार दिवस गाडी काढून स्वतःच जायला लागले. अंगठ्या निघाल्या, शर्टाला होडीचं डांबर लागलं. एकदा मी गेलो तर ऐकलं, मिस्त्री त्यांना म्हणत होता, "तकडं धर. हां. आरं, तसं न्हवं, खालनं." मी दचकलो. आबांना एकेरीत बोलणारी माणसं त्यांच्या भावकीत दोन उरली होती आणि दोन्ही अंथरुणाला होती. आबांनी मात्र मुकाट्यानं हात खाली घेतला आणि खालनं धरलं.

इकडं त्यांची एकसष्टी आली, आणि कारखान्याची निवडणूकही. या दोन गोष्टी एकाच महिन्यात आल्या की काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. संचालक होऊ पाहणारे एक गृहस्थ होते, आपण त्यांना इच्छुक म्हणू. पिंपळी आणि आसपास आबांची भावकी मोठी. इच्छुकांनी ठरवलं की साहेबांचा भव्य नागरी सत्कार करायचा, आणि त्यांच्या छंदाची दखल घेऊन पदवी द्यायची. पदवी मला सुचवायला सांगितली. मी 'काष्ठमहर्षी' सुचवली. आता लाज वाटते, पण तेव्हा मला ती फार शोभिवंत वाटली होती. बारामतीच्या चौकात फ्लेक्स लागला. कानाला फोन लावलेले आबा, खाली 'काष्ठमहर्षी', आणि भोवती तिकिटाएवढाले बेचाळीस शुभेच्छुक.

आबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बघू." आम्ही सगळ्यांनी हा होकार धरला. मोठी माणसं असंच म्हणतात.

कार्यक्रमाच्या सकाळी मंगल कार्यालय दहालाच भरलं. फेटे बांधून झाले. सनई झाली. व्यासपीठावर मधली खुर्ची रिकामी. मी माईकवर अर्धा तास आबांचं बालपण सांगितलं, त्यातलं बरंचसं मला ठाऊक नव्हतं. शेवटी इच्छुकांनी मला खुणेनं खाली बोलावलं. वहिनी पहिल्या रांगेत हिरव्या साडीत शांत बसल्या होत्या. मी विचारलं, "वहिनी, आबा?"

"सकाळी सहालाच गेलेत."

"मग तुम्ही अडवलं नाही?"

"न्हाय," वहिनी म्हणाल्या. "अडवायचं असतं तर म्या हितं येकटी कशाला आले असते?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमी जावा भावजी. पन लई घाई करू नका."

मी फेट्यासकट गाडी मारली. भाषण तोंडपाठ होतं. आबा, समाजाचं ऋण असतं, चारशे माणसं जेवायची थांबलीत, एवढ्या लोकांच्या भावना. पळसदेवच्या काठावर उतरलो आणि भाषण सुरू करायच्या आत दृश्य दिसलं.

बाभळीखाली नवी होडी उभी होती, नुसत्या फासळ्यांची. मिस्त्रीनं एक लांब फळी भिजवून, विस्तवावर शेकून मऊ केली होती आणि ती फासळ्यांवर वाकवायचं काम चाललं होतं. फळीचं एक टोक ठोकून झालं होतं. दुसरं टोक आबा छातीनं आणि दोन्ही हातांनी दाबून धरून उभे होते. मानेच्या शिरा फुगलेल्या. फळी परत सरळ व्हायला बघत होती, हे लांबूनही कळत होतं. मिस्त्री मधल्या फासळीवर खिळा धरून बसला होता.

"आबा, सगळे थांबलेत."

"कळतंय मला," आबा दातावर दात धरून म्हणाले. "सोडली तर चिरंल."

"सोडू नगं," मिस्त्री म्हणाला, माझ्याकडं न बघता.

खिशात फोन थरथरायला लागला. इच्छुक होते. मी म्हणालो, "भेटले, पण..." ते म्हणाले, "किती वेळ?" मी मिस्त्रीला विचारलं, "किती वेळ?" मिस्त्री म्हणाला, "तुमी बी धरा की. रिकामं काय हुबं ऱ्हायलाय."

मी फोन कानाला तसाच खांद्यानं दाबला आणि आबांच्या शेजारी फळीला हात लावले. गरम होती. इतका जोर ती उलटा लावत होती की माझा फेटा सुटून खांद्यावर आला. फोनमधून मागचा आवाज ऐकू येत होता. कुणीतरी माझ्या माईकवर बोलत होतं. थांबून चालणार नव्हतं म्हणून त्यांनी सत्कार उरकून घेतला. रिकाम्या खुर्चीच्या पाठीला शाल घातली, खुर्चीच्या हातावर हार ठेवला, सीटवर सन्मानचिन्ह. त्याचे फोटो गावभर गेले. दौंडहून वहिनींच्या भावाचा रडत फोन आला, कधी झालं, कसं झालं. वहिनींनी माईक मागून घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मानूस धडधाकट हाय. कामाला गेलाय. तुमी जेवून घ्या." हे मला दुपारी कळलं. त्या वेळी मला नुसत्या टाळ्या ऐकू आल्या, आणि मग माझा फोन घसरून वाळूत पडला.

मिस्त्रीनं पहिला खिळा मारला. दुसरा. प्रत्येक घावाला फळीचा हिसका आमच्या छातीत यायचा. आबांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात जात होता, पुसायला हात मोकळा नव्हता. इतक्या जवळून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक विशेषण जागेवर बसलं असतं. पण दम पुरत नव्हता.

शेवटचा खिळा आत गेला. मिस्त्रीनं हातोडीच्या दांड्यानं फळीवर टोकापासून टोकापर्यंत ठोकत कानोसा घेतला.

"सोड."

आबांनी आधी एक हात काढला. मग दुसरा. फळी जागची हलली नाही. फासळ्यांना धरून ती अशी वळली होती की जणू झाडावरच तशी वाढली असावी. आबा तिच्याकडं बघत उभे राहिले. मिस्त्री उठला, तोंडातला उरलेला खिळा हातावर घेतला, आणि म्हणाला,

"चल. आता दुसरी बाजू."

आबांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि होडीला वळसा घालून पलीकडं गेले. नवीन फळीच्या आड ते गळ्यापर्यंत दिसेनासे झाले, मग वाकले आणि अजिबातच दिसेनासे झाले. मी वाळूतून फोन उचलला. तो परत वाजत होता. पलीकडून पाण्यात बुडवून ठेवलेली दुसरी फळी ओढून काढल्याचा आवाज आला, आणि तिच्यावरून गळणारं पाणी.